फणश्यांकडचे मोड

“चपला बाहेर, पर्स त्या स्टुलावर, आणि हात आधी. कोपरापर्यंत,” दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या. मग काहीतरी राहून गेल्यासारखं, “या ना, या.”

त्या कुंदाकाकू फणसे. त्यांच्या निनादशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. आम्ही दोघं बाहेर दोन-तीनदा भेटलो होतो. शेवटच्या वेळी नाटकाच्या मध्यंतरात कँटीनमध्ये एकच वडा उरला होता आणि तो त्याने मला दिला. एवढ्यावरून माणूस पसंत करू नये, पण मी बत्तीस वर्षांची होते आणि त्याआधी जे तिघे पाहिले होते त्यांनी माझ्याच ताटातलं उचललं होतं. आता फक्त घर बघणं बाकी होतं. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आई त्यांच्यापाशी, म्हणून पेणहून माझ्याबरोबर नलूआत्या आली होती. येताना तिने डबा भरून सोललेल्या डाळिंब्या आणल्या होत्या. आमच्या कायस्थांत दुसऱ्याच्या घरी भिजवलेले, मोड आणलेले आणि वर सोललेले वाल घेऊन जाणं म्हणजे जवळपास सोनं घेऊन जाणंच.

कुंदाकाकूंनी डबा दोन बोटांनी धरला. “मोड कशात आणलेत?”

“फडक्यात. दुसरं कशात आणणार?” आत्या म्हणाली.

“फडकं कसलं?”

“यांच्या जुन्या धोतराचं,” आत्या अभिमानाने म्हणाली.

डबा बाल्कनीच्या कठड्यावर गेला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी बेसिनकडे गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले.

फणश्यांच्या घरात बाकी कशाचीच तक्रार करण्यासारखं नव्हतं. ठाण्यातला बाराव्या मजल्यावरचा प्रशस्त फ्लॅट, भरपूर उजेड, कुठे धूळ नाही. निनादचे वडील अरविंदकाका बँकेतून निवृत्त झालेले, हसतमुख, प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. निनादची धाकटी बहीण गार्गी पहिल्या बाळंतपणासाठी आलेली, सातवा सरलेला. निनाद नेहमीसारखाच शांत आणि प्रसन्न. दिवाणखान्यात देव होते, टीव्हीशेजारी. मी नमस्कार केला तेव्हा काकू म्हणाल्या, “आधी पूर्वेच्या खोलीत होते. पण ती खोली मला मोडांना लागली. देवांना ऊन लागत नाही, मुळ्याला लागतं.”

“खरं आहे,” अरविंदकाका म्हणाले.

मग आम्हाला ती खोली दाखवण्यात आली. आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने डोक्याला प्लास्टिकची टोपी घालायची होती. टोप्या निनादने ऑफिसच्या दौऱ्यांवर हॉटेलांतून जमवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर वेगळ्या हॉटेलचं नाव होतं. नलूआत्याने आयुष्यात पंचतारांकित हॉटेल पाहिलं नव्हतं. ते तिच्या अंबाड्यावर आलं.

भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती. वरच्या फळ्यांवर मुळा, मोहरी, मेथी आणि राजगिऱ्याचे हिरवेगार ट्रे, खाली काचेच्या बरण्या, तिरक्या, तोंड खाली करून, म्हणजे पाणी निथळत राहील. बरण्यांत मूग, मटकी आणि अल्फाल्फा, म्हणजे लसूणघासाचं बी. भिंतीवर नियम लिहिलेले. पहिला नियम, बोलताना तोंड वळवा. दुसरा, बरणी वापरण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवा. तिसरा, शंका आली तर टाका. काकू दर नियमावर छडीसारखं बोट ठेवत समजावत होत्या आणि त्यांचे कुटुंबीय माहीत असलेला धडा पुन्हा ऐकणाऱ्या वर्गासारखे मागे उभे होते.

दाराजवळ जमिनीवर एक ट्रे वेगळा ठेवला होता, वर्तमानपत्राने झाकलेला.

“त्याला हात लावू नकोस,” काकू म्हणाल्या. “बुरशी आलीये. टाकायचाय.”

मी खोपोलीजवळच्या एका डेअरीत गुणवत्ता तपासणीला आहे. बुरशी म्हटलं की बघितल्याशिवाय राहवत नाही. मी वाकून कागद उचलला. मुळ्याची कोवळी रोपं, आणि प्रत्येक मुळाभोवती पांढरी मऊ लव.

“काकू, पाण्याचा फवारा आहे?”

त्यांनी फवारा दिला. मी दोनदा मारला. लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली.

“ही बुरशी नाही. मुळांचीच लव आहे ही, पाणी शोधायला फुटते. बुरशी असती तर कोळ्याच्या जाळ्यासारखी बियांवरून पसरली असती आणि पाण्याने गेली नसती.”

काकू ट्रेसमोर उकिडव्या बसल्या. फवारा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यावर स्वतः मारून बघितला. मग म्हणाल्या, “म्हणजे मी गेलं वर्षभर चांगले ट्रे टाकत होते?”

“त्यातले बरेच चांगले असणार.”

“मला कोणी बोललं नाही.” त्या उठल्या. माझ्याकडे नव्यानेच पाहिल्यासारखं पाहत म्हणाल्या, “तू आधी का नाही आलीस गं?”

आत्याने हळूच माझा दंड दाबला. तिच्या दृष्टीने बैठक तिथेच झाली होती, फक्त तारीख राहिली होती. मलाही बरं वाटलं. ज्या बाईला चूक दाखवली तर ती असं बोलते, तिच्या हाताखाली राहायला माझी हरकत नव्हती.

“आता हे बघ,” काकूंनी मांडणीवरून मुगाची एक बरणी काढली. “ही गार्गीची. तिला दोन्ही वेळा देते, कच्चेच. शिजवलं की सत्त्व जातं.” त्यांनी झाकण फिरवून काढलं. झाकण म्हणजे प्लास्टिकची जाळी, भोवती रबराची कडी. मी सवयीने ते हातात घेतलं आणि नाकाशी नेलं.

डेअरीत दुधाचे कॅन धुऊन येतात तेव्हा आम्ही हेच करतो. कॅन आरशासारखा चकचकीत असतो. घाण नेहमी झाकणाच्या खाचेत असते, रबराखाली. तिथे ब्रश पोचत नाही, आणि कॅन चमकतोय म्हटल्यावर तिथे कोणी बघतही नाही. फणश्यांच्या झाकणाला तोच वास होता. आंबूस, बुळबुळीत, फार दिवसांचा. जाळीच्या आतल्या कडेने बोट फिरवलं तर बोटाला लागलं. बरणी मात्र इतकी स्वच्छ होती की वरच्या रिकाम्या काचेतून खिडकीपलीकडचा खाडीपूल दिसत होता.

“ताजा आहे ना वास?” काकूंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दारातून अरविंदकाका म्हणाले, “एकदम ताजा.”

“शेतात उभं राहिल्यासारखं वाटतं, आई,” निनाद म्हणाला.

“मस्त आहे,” गार्गी म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता, पण तो सकाळपासूनच तसा होता.

काकू समाधानाने माझ्याकडे वळल्या. मी विचारलं, “झाकणं कशी धुता, काकू?”

“बरणी उकळते ना. झाकण उकळलं तर वाकडं होतं. ते ओल्या फडक्याने पुसते. फडकं वेगळं आहे, फक्त झाकणांचं.”

ते फडकं खुंटीवर होतं. अजून ओलं होतं.

जेवायच्या टेबलावर प्रत्येकासमोर वाडगा आला. मुगाचे कच्चे मोड, वरून मुळ्याची हिरवी रोपं, लिंबू, चवीपुरतं मीठ. पाठोपाठ वरणभात आणि दुधीची भाजी. नलूआत्याने टेबलभर नजर फिरवली. कायस्थाच्या घरी रविवारी दुपारी टेबलावर मासळी नाही हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

“तुमच्या हातचं भरलेलं पापलेट मी गुप्त्यांच्या साखरपुड्याला खाल्लं होतं,” ती काकूंना म्हणाली. “अजून नाव काढतात लोक.”

“सोडलं सगळं,” काकू म्हणाल्या. “त्या साथीच्या तापातून उठले आणि ठरवलं, आता घरात मासळी नाही. बाजारात काय मिळतं, कसलं मिळतं, काही भरवसा नाही.”

“तब्येतीला चांगलंच आहे,” अरविंदकाका म्हणाले आणि त्यांनी मोडांचा घास औषधाच्या गोळीसारखा पाण्याबरोबर गिळला. निनाद माझ्यासमोर बसला होता. तो गप्पा मारत होता, हसत होता, चमचा वाडग्यात जात होता आणि तोंडाशी येत होता, आणि तरीही त्याच्या मांडीवरचा कागदी रुमाल हळूहळू फुगत होता. इतकं सफाईदार काम मी पाहिलं नव्हतं. त्याने माझी नजर पकडली आणि एक भुवई किंचित वर केली. मला हसू आलं. खरंच आलं, ते नाकारत नाही.

गार्गी मात्र खात होती. अर्धा वाडगा संपल्यावर ती उठून आत गेली. न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज झाला.

“पंधरा दिवस पोट बिघडलंय तिचं,” काकू म्हणाल्या. “डोहाळे म्हणून एकदा तलावपाळीवर पाणीपुरी खाल्ली. बाहेरचं पाणी. तेव्हापासून मी तिचे मोड वाढवलेत, पोटाला हलके म्हणून.”

मी माझा चमचा खाली ठेवला.

जेवणानंतर रिवाजाप्रमाणे मला आणि निनादला बोलायला बाल्कनीत पाठवलं. कठड्यावर आत्याचा डबा होता. निनादने तो उचलून बघितला, झाकण उघडून एक डाळिंबी तोंडात टाकली.

“अरे, कच्ची आहे ती,” मी म्हटलं.

“घरातली सगळ्यात सुरक्षित वस्तू आहे ही,” तो म्हणाला.

“म्हणजे तुलाही कळलंय.”

“काय?”

“बरण्यांना वास येतो.”

“दिवाळीपासून येतोय,” निनाद म्हणाला. आवाज अगदी सहज, लिफ्ट बंद आहे हे सांगावं तसा. “काही दिवस तर खोलीच्या दारापर्यंत येतो. बाबा कापूर लावतात.”

“मग सांगितलं नाहीस?”

“आईला?” तो हसला. “वैजू, तू आजच आलीयेस. आमच्याकडे एक पद्धत आहे. आई विचारते, आपण छान म्हणायचं. शांतता राहते. ती इतकं मनापासून करते, तिला कशाला दुखवायचं. तू घाबरू नकोस, रुमालाचं मी तुला शिकवेन. दोन दिवसांत जमतं.”

तो गमतीत बोलत होता, आणि आईला दुखवायचं नाही हेही खरंच होतं. त्या वेळीसुद्धा मला तो आवडत होता.

“गार्गीला शिकवलंस?”

“ती खाते. तिला आवडत असावं.”

“ती सारखी आत जातेय, निनाद.”

“ते पाणीपुरीचं आहे.”

“तुला वाटतं तसं?”

त्याने डब्याचं झाकण नीट लावलं, चारही बाजूंनी दाबून बघितलं. “हे बघ, गार्गीला सांगितलं तर ती लगेच आईला सांगते. लहानपणापासून तिच्या पोटात काही राहत नाही. मग आई विचारणार, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. मग बाबा अडकणार. एवढं सगळं होण्यापेक्षा बाळंतपण झालं की ती सासरी जाईलच की.”

खाली रस्त्यावरून कुठलीतरी वरात चालली होती. बँडचा आवाज बाराव्या मजल्यापर्यंत येताना नुसता ढोल उरला होता. निनाद म्हणाला, “आत जाऊया? वाट बघत असतील.”

आत सगळे बसले होते. आत्या पत्रिकेचं काहीतरी बोलत होती. गार्गी सोफ्यावर आडवी होती, आणि काकू तिच्यासाठी दुसरा वाडगा घेऊन येत होत्या, मघाचा पूर्ण झाला नव्हता म्हणून.

“काकू, ते तिला देऊ नका,” मी म्हटलं.

 आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पेणला पोचेपर्यंत ती नजर माझ्या पाठीवर होती.

“का?” काकूंनी विचारलं.

“झाकणांना वास येतोय. रबराखाली साका साचलाय, आंबलाय. बरणी तुम्ही उकळता, पण पाणी निथळतं ते त्या जाळीतून, रोज, दोन वेळा. आणि बरणी स्वच्छ असली तरी कच्चे मोड या दिवसांत डॉक्टर नकोच म्हणतात, बियांतच जंतू असू शकतात. तिचं पोट त्यानेच बिघडलं असेल असं मी म्हणत नाही. पण आज डॉक्टरांना दाखवा.”

काकूंनी वाडगा टेबलावर ठेवला. मग नवऱ्याकडे वळल्या. “येतो वास?”

अरविंदकाका पंख्याकडे बघत म्हणाले, “तसा… म्हणजे माझं नाक काही एवढं…”

“निनाद?”

मी निनादकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी बाल्कनीत जे बोलला होता तेवढंच त्याला म्हणायचं होतं. एक शब्द पुरला असता.

“आई, तिला तसं म्हणायचं नाहीये,” निनाद म्हणाला. “डेअरीत काम करते ना, त्यांचं नाक जरा जास्तच तिखट असतं. मला तरी काही येत नाही.”

तो हे इतक्या मऊपणे बोलला की कोणाला वाटावं, तो माझीच बाजू सावरतोय. त्यालाही तसंच वाटत असावं.

काकू मोडांच्या खोलीत गेल्या. टोपी न घालता गेल्या, हे मला आठवतं. परत आल्या तेव्हा हातात झाकण होतं. त्यांनी ते गार्गीपुढे धरलं.

“तू सांग. खरं सांग. मला राग येणार नाही.”

गार्गीने वास घेतला आणि ओठ घट्ट मिटले. मग तिला रडू आलं. “मला वाटायचं, माझ्याच नाकाचं काहीतरी झालंय. डोहाळ्यांत होतं ना तसं. सगळे छान म्हणायचे, म्हणून मीपण म्हणायचे.”

काकू खुर्चीवर बसल्या. झाकण मांडीवर ठेवलं.

“मला वास येत नाही,” त्या म्हणाल्या. “त्या तापापासून. कशाचाच नाही. उदबत्तीचा नाही, फोडणी करपल्याचा नाही.”

त्यांनी मांडीवरचं झाकण उलटं केलं.

“वाटलं, येईल परत. कोणाला सांगितलं नाही. मासळी ताजी की शिळी, कळेना. एकदा बोंबील आणले, शिजवले, आणि मग भीती वाटली म्हणून टाकून दिले. मग मासळीच बंद केली. दूध नासलंय का कळेना. तेव्हा म्हटलं, नाकाने कळत नसेल तर नियमाने करू. उकळायचं, धुवायचं, पुसायचं, शंका आली तर टाकायचं. आणि शेवटी तुम्हाला विचारायचं.” त्या एकेकाकडे बघत गेल्या. “म्हणून विचारत होते मी रोज. कौतुकासाठी नव्हते विचारत.”

अरविंदकाका “कुंदा” म्हणाले आणि त्यांच्या मांडीवरचं झाकण उचलायला पुढे झाले.

काकू उठल्या, वाडगा सिंकमध्ये उलटा केला, पर्स घेतली आणि गार्गीला म्हणाल्या, “चप्पल घाल.” आम्हाला निरोप द्यायलाही कोणी उरलं नाही. निनाद तेवढा लिफ्टपर्यंत आला. बटण दाबून म्हणाला, “तू बरोबर होतीस. पण हे जरा एकांतात सांगता आलं असतं आईला.”

“तुला दिवाळीपासून सांगता आलं असतं,” मी म्हटलं. लिफ्ट आली.

परतीच्या एसटीत आत्या पेण जवळ येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, “दुसऱ्याच्या घरातली झाकणं हुंगायची काय गरज होती तुला?” आणि जरा वेळाने, “डबा तिथेच राहिला.”

गार्गीच्या पोटात जंतू निघाले. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं, औषधं झाली आणि ती सावरली. कशाचे जंतू, कुठून आले, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. पाणीपुरीवाल्याला संशयाचा फायदा मिळाला. पुढे मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, असं नात्यातून कळलं. दवाखान्याचं सगळं मात्र निनादने मला फोनवर सांगितलं. तो आठवडाभर रोज फोन करत होता. प्रत्येक फोनमध्ये तो माझं कौतुक करत होता, आणि प्रत्येक फोनमध्ये कुठेतरी “फक्त पद्धत जरा” असे शब्द यायचे. आठवड्याच्या शेवटी मी त्याला नाही म्हणून सांगितलं. तो भांडला नाही. “तुझा निर्णय,” म्हणाला, “मला मान्य आहे.” त्याला सगळंच मान्य असायचं.

आमच्याकडे मात्र नात्यात बातमी अशी पसरली की सासू कडक निघाली म्हणून वैजूने स्थळ सोडलं. आत्यानेच ती पसरवली, माझी बाजू भक्कम व्हावी म्हणून. अतिस्वच्छ बाई, टोप्या घालायला लावते, देव हलवले, मासळी बंद. नात्यातल्या बायका माझ्याकडे सहानुभूतीने बघत आणि सुटलीस म्हणत. मी एक-दोघींना सांगायचा प्रयत्न केला की तसं नाही. त्यांना टोप्यांची गोष्ट जास्त आवडत होती.

ही बातमी ठाण्याला पोचायला फार दिवस लागले नाहीत. एका दुपारी डेअरीत माझा फोन वाजला. कुंदाकाकू होत्या. आधी त्यांनी कामाचं विचारलं. प्लास्टिकची झाकणं टाकून स्टीलच्या जाळीची आणली होती. रबर वेगळं काढून ब्रशने घासायचं का, आणि उन्हात किती वेळ ठेवायचं. मी सांगितलं. मोड आता शिजवूनच खातो, म्हणाल्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला लागल्या होत्या, लवंग आणि लिंबू हुंगायचा व्यायाम दिला होता. अजून काही येत नव्हतं.

मग त्यांनी आवाज हळू केला.

“एक विचारू? तू माझ्यामुळे नाही म्हणालीस असं सगळे म्हणतात. मी कडक आहे, मला माहीत आहे. पण तसं असेल तर मला खरं सांग. तू सांगतेस म्हणून विचारतेय.”

माझ्यासमोर धुऊन आलेल्या कॅनची रांग होती. मी काय उत्तर द्यावं याचा थोडा विचार केला, पण दुसरं काही सुचलं नाही.

“तुमच्यामुळे नाही, काकू,” मी म्हटलं. “त्याला वास येत होता.”

पलीकडे त्यांनी नळ बंद केल्याचा आवाज आला. 

“हो,” काकू म्हणाल्या. “यांनाही येत होता.”